हिंगणीचा ज्ञानकोश आणि त्याच्या पाठीवरचं यंत्र

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की तुम्ही सातशे बारा पानांचे आहात. तुमच्या पोटात देवमासा आहे, शनीची कडी आहेत, बेडकाचे हृदय आहे आणि जगातल्या सगळ्या मोठ्या नद्या आहेत. रोज कोणीतरी येते, बोटाला थुंकी लावून तुमचे पान उलटते. सवय वाईटच, पण थुंकीचीही माया लागते. आणि मग एके दिवशी तुमच्या पाठीला एक वीतभर पाटी टेकवून ठेवतात, आणि सगळी मुले तुमच्याऐवजी तिच्याकडे बघू लागतात. तुम्हाला काय वाटेल?

मला काय वाटले ते सांगायला मी बरीच वर्षे धजावलो नाही. आज सांगतो. मी मुलांचा ज्ञानकोश आहे, वयाने जुना, बांध्याने जाड, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणी गावचा रहिवासी. आणि त्या दिवसांत मी मत्सराने पिवळा पडलो होतो. जुना कागद तसा पिवळा पडतोच, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही एवढेच.

पुस्तक होण्याआधी मी बांबू होतो. जंगलात आमचे मोठे बेट होते. तिथून मला तोडून, गाडीत घालून कागदाच्या कारखान्यात नेले. तिथे माझे तुकडे केले, सोड्याच्या पाण्यात उकडले, पांढरे केले, लाटून वाळवले. माझ्यासाठी किती पाणी लागले ते मला माहीत आहे. कारखान्याबाहेर पडताना त्या पाण्याचा रंग कोणता होता, तेही माहीत आहे. हे मी कोणाला सांगत नसे. माझ्या पोटात 'कागद' नावाचा एक लेख आहे. त्यात माझ्या जन्माची सगळी हकिकत दिली आहे, पण त्या काळ्या पाण्याविषयी एक ओळ नाही. मला ते सोयीचेच वाटत आले.

१९९२ साली मी नागपुरात छापला गेलो. हिंगणीच्या लोकांनी विहारातल्या वाचनखोलीसाठी मला घेतले. कवडू नावाच्या गृहस्थांनी मला मांडीवर ठेवून एसटीने गावी आणले. कवडू त्या वेळी पन्नाशी ओलांडलेले. तरुणपणी त्यांनी जंगल खात्याच्या कामावर बांबू तोडला होता. शाळेत चौथीपर्यंतच गेलेले. तरी माझे पहिले पान त्यांनीच उघडले. बोट ठेवून एकेक अक्षर वाचले, आणि माझ्या कडेचा वास घेऊन म्हणाले, "बांबू आहे हा. पक्का बांबू. मी वळखतो."

मला तोडणारा हात त्यांचाच असेल का, असे माझ्या मनात पुष्कळदा आले. राग मात्र कधी आला नाही. ज्याने तोडले त्यानेच वाचले, यात मला मान वाटायचा.

माझा सगळ्यात मोठा दिवस चौदा एप्रिलचा. त्या दिवशी आमच्या विहारात मुले अठरा तास वाचन करतात. पहाटे सहाला बसतात, पाळ्या लावतात. मधे मी! "माह्या नंबर हाय," "तुहा झाला ना आत्ता," "बाप्पा, ज्वालामुखी तरी संपू दे" असा सगळा गोंधळ माझ्याभोवती. एकदा बुद्धपौर्णिमेच्या खिरीचा हात कवडूंच्या धाकट्या मुलाने, अश्वजितने, तसाच माझ्या पानावर टेकवला. दोन पाने चिकटून गेली ती गेलीच. मी हसत सोसले. अश्वजित माझ्यातूनच ग्रह शिकला, विजेचे मंडल शिकला, आणि पुढे इंजिनीअर होऊन पुण्याला गेला. तो मोठा झाला यात माझा वाटा आहे, असे मी भिंतीवरच्या पालीलासुद्धा ऐकवत असे.

२००८ च्या डिसेंबरात अश्वजित गावी आला. कंपनीने त्याला काही महिने अमेरिकेत पाठवले होते. तिथून त्याने एक वाचनयंत्र आणले होते. पांढरे, चपटे, शाळेच्या पाटीहून लहान. वाचनखोलीत मुले जमली. कवडू आले, त्यांच्या मागून त्यांच्या पत्नी तानाबाई हात पुसत आल्या. मी खिडकीजवळच्या फळीवर होतो.

"आबा, दीडशे पुस्तकं हायेत याच्यात," अश्वजित म्हणाला. "कागद लागत नाई. झाडं कापा लागत नाई."

कवडूंनी ते उलटून पालटून पाहिले. "कायची बनवली हे?"

"प्लास्टिक, काच, धातू. आतमंदी बॅटरी."

"अन् ते सारं कुठून येते?"

"तुमी बी ना आबा! हे पर्यावरणाचं मित्र हाय, एवढं समजा."

"मित्र असन त त्याचं गाव माहीत पायजे ना आपल्याले," कवडू म्हणाले.

सगळे हसले. तानाबाई म्हणाल्या, "तुमाले त साऱ्याईचं गाव पायजे. पोरगा एवढ्या दुरून घेऊन आला, पाहा त खरं."

अश्वजितने माझ्या पुठ्ठ्यावर थाप मारली. "अन् या जाड्याले आता आराम द्या."

जाड्या! ज्याच्या खिरीचा हात मी पोटात घेतला, त्याने मला जाड्या म्हणावे! वर मला झाडे मारणारा ठरवावे! कवडू काही तरी बोलतील म्हणून मी वाट पाहिली. ते हळूच म्हणाले, "बांबू तोडला म्हणून बेट मरत नाई, बावा. जुना तोडावा, कोंब सोडावा, मंग बेट राह्यते. आमी घाईत कोंब बी तोडले, तिथं चुकलो." पण तोवर मुलांनी यंत्राभोवती गर्दी केली होती, आणि ते कोणी ऐकलेच नाही.

वाचनखोलीची किल्ली कवडूंच्या नातीकडे असे. तिचे नाव रोशनी. अकरा वर्षांची, अश्वजितची पुतणी. आधी ती माझी होती. शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि मला मांडीवर घ्यायची. आता ती यंत्र काढायची आणि ते तिरके उभे राहावे म्हणून मला बाकावर आडवे ठेवून माझ्या पाठीवर टेकवायची. मी टेकू झालो. मुले समोर बसून इंग्रजी गोष्टी वाचायची, अडखळायची, हसायची. "सरक ना व, मले बी दिसू दे!" हे शब्द पूर्वी माझ्यासाठी असायचे.

मी मनातल्या मनात यंत्राचे दोष मोजू लागलो. त्याला मराठी येत नाही. त्याला वास नाही. ते पडले तर फुटेल. मी तर दोनदा बैलगाडीतून पडलो आहे. ते विमानात बसून आले, विमान काय हवेवर चालते? आणि भारनियमन तर होतेच. उन्हाळ्यात आमच्याकडे आठ-आठ तास वीज जायची. मी वाट पाहत बसलो, की आता हे विझते! पण त्या चोरट्याला एकदा वीज पाजली की आठ दिवस पुरायची. वीज गेली, पंखा थांबला, टीव्ही थांबला, ते मात्र चालूच. तेव्हा मला त्याला टेकू देणाऱ्या स्वतःच्या पाठीचाच राग आला.

एक गोष्ट तर फारच लागली. कवडूंची नजर अधू झाली होती. माझी अक्षरे त्यांना दिसेनात. रोशनीने यंत्रावर एक कळ दाबली आणि अक्षरे बोराएवढी झाली. "आबा, हे वाचा." कवडूंनी रोशनीकडून शिकलेले एकेक इंग्रजी अक्षर जुळवले. "रि... व्ह... र. रिव्हर! म्हणजे नदी नाई का व?" सत्तरीतल्या माणसाने आयुष्यातला पहिला इंग्रजी शब्द वाचला, आणि तो माझ्या पाठीवरच्या परक्यावर. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या यंत्राच्या खाली होतो.

२००९ च्या एप्रिलमध्ये अठरा तासांच्या वाचनाला मधोमध ते यंत्र बसले.

आता मित्रांनो, पुढचे मी सांगू नये असे मला वाटते, म्हणूनच सांगतो. मे महिन्याची दुपार होती. रोशनी एकटीच वाचत होती. पाणी प्यायला उठली. खिडकीतून गरम वाऱ्याचा झोत आला आणि माझा पुठ्ठा उचलला गेला. जाड पुस्तकाचा पुठ्ठा असा सहज उचलला जात नाही. त्याला दाबून धरता येते. मी दाबून धरला नाही. यंत्र सरकले, फरशीवर आपटले, आणि त्याच्या पांढऱ्या तोंडावर एक काळी भेग उमटली. मग ते गप्प झाले.

रोशनी धावत आली. कळा दाबल्या, हलवून पाहिले, पदरासारखी ओढणी घेऊन पुसले. काही होईना. ती कोपऱ्यात बसली आणि स्वतःशीच बोलू लागली. "आता काका काय म्हणन? सारे म्हणतीन, पोट्टीच्या हाती कायले देल्लं. किल्ली बी काढून घेतीन."

विहाराच्या मागे कवडूंची नाडेप टाकी होती. जाळीदार विटांची ती टाकी आमच्या भागात बऱ्याच ठिकाणी दिसते. तिच्यात पालापाचोळा, शेण आणि माती यांचे थर रचायचे, वरून शेणमातीने लिंपायचे, आणि साडेतीन-चार महिने थांबायचे. आतले सगळे खत होते. टाकीशेजारी तानाबाईंचा भाजीचा वाफा. शाळेतल्या बाईंनी मुलांना टाकी दाखवायला आणले होते, तेव्हा सांगितले होते, की निसर्गाचे जे मित्र असतात ते मातीत जाऊन माती होतात, शत्रू तसेच राहतात. टाकी त्या दिवशी भरायला घेतली होती, शेवटचे थर आणि लिंपण बाकी होते.

रोशनीने डोळे पुसले. "काका म्हणालते, हे पर्यावरणाचं मित्र हाय," ती मला म्हणाली. खोलीत दुसरे कोणी नव्हते. "मंग याची बी माती होईन. शंभर दिवसांत होईन."

हसू नका. तिने ऐकलेल्या दोन खऱ्या वाटणाऱ्या गोष्टी जोडल्या, इतकेच. मोठ्यांनी तिला एक गोष्ट अर्धीच सांगितली होती.

मी खिडकीतून सगळे पाहिले. तिने पाचोळा बाजूला केला, यंत्र खोल घातले, वर शेण, वर माती. संध्याकाळी कवडूंनी काही न कळता टाकी लिंपली. आणि मी, सातशे बारा पाने ज्ञानाने भरलेला मी, मनात नाचलो. गेले! माझी पाठ रिकामी झाली!

रोशनीने सगळ्यांना सांगितले, की मशीन उन्हाने बिघडते म्हणून कपाटात ठेवली आहे. मग शेतीची कामे लागली, कपाशीच्या निंदणीत कोणाला मशीन आठवायला वेळ होता? फोनवर अश्वजितने एकदा विचारले, "मशीन कशी हाय?" रोशनी म्हणाली, "मस्त हाय काका." त्या रात्री ती जेवली नाही, असे तानाबाई दुसऱ्या दिवशी कोणाला तरी सांगत होत्या. मी ऐकले आणि दुर्लक्ष केले. मुले पुन्हा माझ्याकडे येऊ लागली होती ना.

सप्टेंबर उजाडला. एका दुपारी खिडकीबाहेर कवडू तानाबाईंना म्हणाले, "उद्या टाकी फोडतो. खत झालं असन."

"लवकर फोडा. मले मेथी लावाची हाय. पहिली जुडी माह्या रोशनीची. दिवसेंदिवस सुकून राह्यली पोरगी, काय झालं काई समजत नाई."

रोशनी आत माझ्याजवळच होती. तिने ते ऐकले आणि मला ओढून घेतले. बऱ्याच दिवसांनी तिची मांडी मिळाली. तिने 'माती' हा लेख काढला. त्यात लिहिले आहे, की पान काही महिन्यांत कुजते, लाकडाला वर्षे लागतात, काच कुजतच नाही. शेवटी कंसात एक सूचना आहे: धातू व रसायने यांसाठी 'विद्युतघट' हा लेख पाहावा. विद्युतघट म्हणजे तुमची बॅटरी.

तिने तो लेख शोधला. आणि मित्रांनो, खिरीने चिकटलेली माझी ती दोन पाने नेमकी तीच होती.

तिने नखाने हळूच कडा उकलून पाहिली. कागद कुरकुरला. ती थांबली. पुस्तक फाडायचे नाही, हे कवडूंनी तिला शिकवले होते. ती मला मिटू लागली.

आता सगळे माझ्या हाती होते. पाने मिटलेली राहिली तर उद्या खत वाफ्यात जाईल, यंत्र सापडलेच तर कुजका कचरा म्हणून फेकले जाईल, आणि माझ्या पाठीवर पुन्हा कधी कोणी बसणार नाही. पाने उकलली तर रोशनी त्याला बाहेर काढील. कदाचित कोणी दुरुस्तही करील. पुन्हा ते मधोमध, पुन्हा मी खाली. मी त्या खिरीला घट्ट धरून ठेवले. खरेच धरले.

बाहेर तानाबाई वाफ्यातली ढेकळे फोडत होत्या. प्रत्येक ढेकळागणिक त्यांचा श्वास ऐकू येत होता.

त्या दोन पानांत काय छापले आहे ते मला पाठ होते. ज्याच्या पोटात उत्तर आहे आणि जो ते दाबून धरतो, त्याला ज्ञानकोश म्हणत नाहीत. तो नुसता जाड्या. अश्वजितने दिलेले नाव मी माझ्या हाताने खरे करायला निघालो होतो. तेरा वर्षांची वाळकी खीर ती. एका धाग्यावर टिकली होती. मी ती सोडली.

पाने टप्पकन सुटली. रोशनीने वाचले: "निकामी घट मातीत पुरू नयेत. त्यांतील काही धातू व रसायने मातीत आणि पाण्यात उतरतात व तेथून भाजीपाल्यात जाऊ शकतात."

तिने ते तीनदा वाचले. तिसऱ्यांदा ओठ हलले नाहीत.

मित्रांनो, इथे मला एक सांगू द्या. त्या यंत्राने दीडशे पुस्तकांचा कागद वाचवला असता, हे खरे आहे. पण दहा वर्षे वापरले असते तर. मी एक बांबूचे बेट आणि एक ओढाभर पाणी खाल्ले, हेही खरे आहे. पण सतरा वर्षे गावातल्या पोरांनी मला वाचले, म्हणून ते बेट वाया गेले नाही. मला सहा महिन्यांत रद्दीत टाकले असते, तर मीही शत्रूच ठरलो असतो. म्हणून तुमच्या हाती पुस्तक असो की यंत्र, ते कशाचे बनले ते विचारा, ते जपा, पुष्कळ जणांना द्या, आणि त्याचे काम संपल्यावर ते कुठे जाणार हेही आधीच विचारा. मला अजूनही त्याचा थोडा मत्सर वाटतो. पण मत्सराने खरे लपवू नये, एवढे मी त्या दुपारी शिकलो.

आता रोशनीने काय केले ते सांगतो आणि थांबतो.

तिने मला खिडकीत उघडे ठेवले, बाहेर गेली आणि कुदळीने टाकीचे लिंपण फोडले. दोन्ही हातांनी खत उपसू लागली.

"काऊन व रोशने?" तानाबाई ओरडल्या. "उद्या काढाचं हाय ना ते!"

"आजी, त्याले हात लावू नको. वाफ्यात टाकू नको."

कवडू आले. ती थांबली नाही. कोपरापर्यंत काळी झाली होती. अखेर हाताला ते लागले. आजूबाजूच्या पाचोळ्याची ओळखही उरली नव्हती, शेणाची माती झाली होती. यंत्र मात्र जसेच्या तसे, पांढरे, त्याच काळ्या भेगेचे. पाठीमागे, बॅटरीच्या जागी, तेवढे जरा फुगले होते.

"आबा, मीच पाडलं. मीच पुरलं. अन् खोटं बी मीच बोलली." तिने माझे नाव घेतले नाही. ते माझ्या पाठीवरून पडले होते, हे तिला माहीत होते.

तानाबाई वाफ्यातून उठून जवळ आल्या. कवडूंनी ते यंत्र उचलून बाजूच्या दगडावर ठेवले. मग ते म्हणाले, "मी बी तेवीस वर्स बांबू तोडला, पोरी. कुठं जाते, काय होते, कधी इचारलं नाई. तू त इचारून राह्यली." त्यांनी त्या जागचे खत घमेल्यात भरून बाजूला काढले आणि ते कोणी चुकून वाफ्यात टाकू नये म्हणून त्यावर फुटकी कुंडी पालथी घातली. "जाय, पह्यले हात धू. चांगले साबनानं."

रोशनीने हात धुतले. मग कवडूंच्या खिशातला मोबाइल मागून घेतला आणि अश्वजितला लावला.

"काका, जयभीम. तुमची मशीन मेली. मी मारली, खतात पुरली, अन् तुमाले खोटं सांगतलं." ती एका दमात बोलली. "आता काढली बाहेर. मातीत टाकता येत नाई, जाळता येत नाई. वर्ध्याले नेऊन देऊ का नागपूरले, पण कोन घेते हे? हे नेऊन कुठं देवाचं, ते सांगा."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सांगा ना, काका."

अश्वजितला कागदाचे सगळे माहीत होते, झाडांचे माहीत होते. याचे माहीत नव्हते. "रोशनी, मले पाहा लागन," असे काहीसे तो म्हणाला. "मी मंग फोन करतो."

"नाई," रोशनी म्हणाली. "तुमी पाहा. मी फोन धरून हाय." आणि ओल्या हातात तो फोन कानाशी घट्ट धरून ती टाकीजवळ उभी राहिली.